दंड सर्वांना सारखा, भार मात्र वेगळा

मद्य पिऊन वाहन चालवताना पकडल्या गेलेल्या चालकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : 'दंड किती?' वस्तुतः त्याने विचारावयास हवेत असे प्रश्न याहून निराळे आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र सिग्नल मोडल्याचा दंड जसा जागच्या जागी भरून सुटता येते, तसे येथे नाही. हा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

श्वासचाचणी नाकारली की पुरावाच उरत नाही, ही समजूतही भाबडी आहे. सबळ कारणावाचून दिलेला नकार चालकाच्याच विरुद्ध जाऊ शकतो. बंधने पोलिसांवरही आहेत. अटकेपासून २ तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला सोडावे लागते. पण ही सुटका कोठडीतून असते, आरोपातून नव्हे.

खरा हिशेब पुढेच आहे. दोषी ठरलेल्या चालकास न्यायालयाला वाहन चालवण्यास अपात्र ठरवावे लागते. धनिक माणूस अशा वेळी पगारी चालक ठेवील. रिक्षाचालकाचे मात्र परवाना हेच भांडवल! विम्याचा आधारही भक्कम नाही. १८५ व्या कलमाखाली खटला झाला नसला, तरी विमा कंपनी अन्य पुराव्याने मद्यपान सिद्ध करून गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

या कठोरपणाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात जण मोटारीखाली चिरडले गेले. मद्यपान केलेल्या त्या चालकाची सदोष मनुष्यवधाबद्दलची ३ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. त्या मजुरांच्या कुटुंबांनी मोजलेली किंमत कोणत्याही दंडाच्या पावतीत मावणारी नाही.

तथापि, कायदा कठोर असावा, तसाच तो आरोपीला कळावाही. रोजंदारी बुडू नये म्हणून घाईने गुन्हा कबूल करणाऱ्याला त्या एका शब्दाचे परिणाम त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगतो काय? कोठडीतील आरोपीला मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधिसेवा कायद्यात आहे. ती कबुलीजबाबाआधी त्याच्यापर्यंत पोहोचली, तरच न्याय सर्वांना सारखा असे म्हणता येईल.