दवंडी एकाच वेशीतून
तुळजापूर किंवा कळंबच्या एखाद्या कार्यालयात एकाच संगणकाला वायरीचे आणि वायफायचे अशी दोन नेटवर्क कार्डे, दोन वेगळ्या जाळ्यांना जोडलेली, असू शकतात. २५५.२५५.२५५.२५५ हा पत्ता म्हणजे जाळ्यातल्या सर्वांसाठी दवंडी, म्हणजेच ब्रॉडकास्ट. जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘आरएफसी ९१९’ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तिचे नियम मांडले. पण ही दवंडी बहुधा एकाच वेशीतून बाहेर पडते, कारण ऑपरेटिंग सिस्टिम राउटिंग टेबल पाहून एकच कार्ड निवडते. मग दुसऱ्या जाळ्यातल्या प्रिंटरला हाक पोचत नाही आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरवर येतो! खात्रीचा मार्ग असा: प्रत्येक कार्डासाठी वेगळे सॉकेट उघडून ते त्याच कार्डाच्या पत्त्याशी बांधावे आणि त्या जाळ्याचा स्वतःचा ब्रॉडकास्ट पत्ता वापरावा. १९२.१६८.१.०/२४ या जाळ्यासाठी तो १९२.१६८.१.२५५.