माळ्यावरची बंदूक

सोनं कुठल्या डब्यात आहे, गॅसचं पुस्तक कुठल्या कप्प्यात आहे, मुलांचे जन्मदाखले कुठल्या पिशवीत आहेत, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण मैत्रिणींनो, घरात परवान्याची बंदूक असेल तर? ती कुठे आहे, भरलेली आहे की रिकामी, काडतुसं किती, परवाना कोणत्या तारखेपर्यंतचा... हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं? "ते त्यांचं काम, आपण कशाला लक्ष घाला?" असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

बंदूक काय फक्त पाटलांच्या वाड्यात असते, असं शहरात वाटतं. तसं नाही. काटोल, नरखेड, पारशिवनी, रामटेक या भागात रात्री वावरात जागल करावी लागते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा लोळवून जातो, रोही तुरीचे शेंडे खातात. म्हणून पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. आजोबांच्या नावावर घेतलेली अशी बंदूक पुढे वडिलांकडे, मग मुलाकडे येते. आता वन्यजीव कायद्यामुळे डुक्कर मारायलाही वनखात्याची वेगळी परवानगी लागते, त्यामुळे तिचा उपयोग आवाज काढण्यापुरताच उरला आहे. पण बंदूक घरात आहेच. कुठे खुंटीला, कुठे धान्याच्या कोठीमागे, तर कुठे गोधड्यांत गुंडाळून माळ्यावर.

आणि तिच्यासोबत येते ती दारू. बाटलीतली नव्हे हो, बंदुकीची! ठासणीच्या बंदुकीत दर वेळी दारू, छर्रे ओतून ठासावे लागतात. हे सामान मी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेलं पाहिलं आहे. स्वयंपाकघर कोरडं असतं म्हणून तिथे ठेवलं, असं घरच्यांचं म्हणणं. तिथून शेगडी चार हातांवर होती.

माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याच्या शेजाऱ्याने परसात लाकडी शेड बांधली आहे. आत पोलादी कपाटात बंदुका आणि टेबलावर वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र. नेमबाजीचा सराव करणारे लोक तिथे खर्च वाचवायला रिकामी पितळी नळकांडी जपून ठेवतात आणि घरीच भरतात. भाच्याने फोटो पाठवला तेव्हा आमच्या घरातली तरुण मंडळी म्हणाली, "आपल्याकडे मागे टिनाची शेड रिकामीच आहे की!" गंमतच होती ती. पण अशी गंमत आपल्याकडे कुणी खरी करू नये. आपल्या कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नाही. त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंसुद्धा त्यातच मोडतात. बंदूक बाळगण्याचा परवाना आहे म्हणून काडतूस बनवण्याचा मिळत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. विनापरवाना बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. तेव्हा गावात कुणी "घरीच भरून देतो" म्हणत असेल, तर आपल्या घरातली रिकामी काडतुसं त्याच्या पिशवीत जाऊ देऊ नका.

कायदा बाजूला ठेवला तरी नागपूरची हवा आहेच. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडमध्ये आपण पापडसुद्धा वाळत घालायला जात नाही, इतकी ती तापते. मग आषाढात त्याच शेडमध्ये भिंती घामेजतात. दारूला ठिणगी, घर्षण, उष्णता काहीच सोसत नाही आणि ओल लागली की काडतूस दगा देतं. चाप ओढून बार उडत नाही, म्हणून माणूस नळीत डोकावून बघतो, आणि मग व्हायचं ते होतं. दारू अंदाजे ओतली आणि जास्त झाली, तर नळीच फुटते.

आपल्या भागाला हे वेगळं सांगायची गरज नसावी. अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, भद्रावती, पुलगावचं दारूगोळा भांडार. नातेवाइकांत एक तरी माणूस 'ऑर्डनन्समध्ये' असतोच. स्फोटकांच्या कामावर सुती कपडे, खास बूट, अंगावर धातूची वस्तू नको, मोबाईल नको, असे नियम असतात. नायलॉनचं कापड घासलं तरी स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि एवढी शिस्त असूनही ३१ मे २०१६ च्या रात्री पुलगावला आग लागली, त्यात लष्करी अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी गेले. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यांत सहा बायका होत्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला आठ कामगार गेले. जिथे वजनकाटा आहे, जाड भिंती आहेत, शिकलेली माणसं आहेत, तिथली ही गोष्ट. आपल्या नायलॉनच्या साडीची आणि देवाजवळच्या निरांजनाची तर बातच सोडा.

मग बंदूक ठेवायची कशी? मला विचाराल तर शेडमध्ये नाही, माळ्यावर नाही आणि बैठकीत शोभेला तर मुळीच नाही. राहत्या घरात, कोरड्या खोलीत, भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं लोखंडी कपाट हवं. बंदूक रिकामी करूनच आत जावी. काडतुसं दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कुलपात, चुलीपासून आणि इन्व्हर्टरपासून लांब. किल्ली ज्याच्या नावाने परवाना आहे त्याच्याकडेच. फ्रिजवर नाही, गणपतीच्या फोटोमागे नाही, कारण या दोन्ही जागा घरातल्या सात वर्षांच्या पोराला आधी माहीत असतात! दारूचा डबा वर्षानुवर्षं पडून असेल, त्याला गंज चढला असेल, तर तो उघडू नका, उन्हात ठेवू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. पोलीस ठाण्यात कळवा, ते काय करायचं ते सांगतील.

अजून एक, थोडं अवघड बोलते. नापिकीच्या, कर्जाच्या वर्षात घरातला माणूस गप्प गप्प राहू लागला, तर बंदूक घरात नसलेलीच बरी. ती काही दिवस पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते. घरात भांडण करून नाही, थोरल्या कुणाला मध्ये घालून हे करावं. वाईट क्षण टळला की माणूस पुष्कळदा सावरतो.

आमच्या महिला मंडळाकडे नरखेडकडच्या एक काकू आल्या होत्या. यजमान वारले, तेराव्याला धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाईमाणूस, हे तुमच्याच्यानं सांभाळणं होते का? मी नेतो." नेली. यांनाही सुटल्यासारखं झालं. सात-आठ महिन्यांनी परवान्याची मुदत संपल्याची चौकशी दारात आली आणि पाय लटपटले. "मले तं हात लावाचीही भीती वाटे बाई, अन् विचारणं मलेच!" असं सांगताना त्यांचा आवाज कापत होता. दीर म्हणू लागले, वहिनीनेच दिली. बोलावणी, जबाब, पुन्हा बोलावणी. बंदूक शेवटी ठाण्यात जमा झाली, पण भावाभावांच्या घरांतलं येणंजाणं आजही बंद आहे.

खरं तर परवानाधारक गेला की त्याचा परवाना दुसऱ्या कुणाला चालत नाही, सख्ख्या भावालाही नाही आणि मुलालाही नाही. विनापरवाना ताबा म्हणजे दोन ते पाच वर्षांची शिक्षा. म्हणून विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक जमा करायची. स्वतः उचलून न्यायची हिंमत नसेल, तर ठाण्यात आधी कळवून विचारून घ्या. मृत्यूचा दाखला, परवाना सोबत ठेवा. बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या. 'साहेब नाहीत, उद्या या' असं झालं तर उद्या जा, पण पावतीशिवाय परत येऊ नका.

जमा केली म्हणजे ती गेली, असंही नाही, आणि हे बायकांना कुणी सांगत नाही! २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार मृत व्यक्तीच्या कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो, आणि पत्नी ही वारस आहेच. शहर हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. बाकी वारसांची हरकत नसल्याचं लिहून घ्यावं लागतं. परवाना नको असेल, तर ती रीतसर विकता येते आणि पैसे वारसांचे होतात. मात्र मुदतीत यापैकी काहीच केलं नाही, तर बंदूक सरकारजमा होते. जुनी इंग्रजी दुनळी असेल तर तिला किंमत असते, म्हणूनच तर दीर-पुतणे एवढ्या तत्परतेने 'सांभाळायला' येतात. (सगळेच नाही, पण येतात.)

यजमान हयात असतील तर आणखी सोपं. वयाची सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगून झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा त्यांना हयातीतच वारसाचं नाव सुचवता येतं. परवान्याची मुदत आता तीन नव्हे, पाच वर्षांची आहे. एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालत. परवाना काढून त्यावर युनिक नंबर आहे का तेही बघा, तो नसलेला जुना परवाना ग्राह्य धरत नाहीत.

निवडणुका लागल्या की कोणाची शस्त्रं जमा करायची हे छाननी समिती ठरवते आणि तशी नोटीस येते. तेव्हाही पावती मिळते. निकालानंतर बंदूक परत आणायला तीच लागते, आणि नेमकी तीच सापडत नाही. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिला जागा करा.