सगळेच मोतीबिंदू नसते

आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात, आजींना सुईत दोरा ओवता येत नाही, तेव्हा आपण सहज म्हणतो, "वय झालं, मोतीबिंदू असेल. पिकला की काढू." नेत्रशिबिरांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मराठवाड्यात गावोगाव पोचवली, ही मोठीच गोष्ट. पण म्हातारपणी दिसेनासे होणे म्हणजे मोतीबिंदूच, हा समजही घरोघरी रुजला. तो कधीकधी फार महागात पडतो.

मोतीबिंदू हा डोळ्यातील भिंगाचा विकार. गढूळ भिंग काढून नवे बसवले की पुन्हा दिसू लागते. मागच्या पडद्याचे तसे नाही. पडद्याच्या मधोमध 'मॅक्युला' हा चिमुकला भाग असतो. वाचणे, तांदूळ निवडणे, चेहरा ओळखणे ही कामे त्याच्या जोरावर चालतात. उतारवयात तो झिजला की नजरेच्या मध्यावर डाग येतो. कडेचे दिसते, म्हणून माणूस घरात वावरतो. समोरच्या नातवाचा चेहरा मात्र ओळखू येत नाही.

ह्याचे दोन प्रकार. कोरडा प्रकार अधिक आढळतो आणि सहसा सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरतात आणि काही आठवड्यांतच मोठे नुकसान होऊ शकते. २००६ मध्ये अमेरिकेत रॅनिबिझुमॅब ह्या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. डोळा बधिर करून दिलेले हे इंजेक्शन त्या वाहिन्यांना आवर घालते. मुळात कर्करोगावरचे, बरेच स्वस्त असे बेव्हॅसिझुमॅब जवळपास तेवढाच गुण देते, असे तिथल्याच २०११ च्या चाचणीत दिसले. मात्र एका इंजेक्शनाने भागत नाही. सुरुवातीला दरमहा खेप घालावी लागते. पैठण-वैजापूरहून एसटीने येणाऱ्या वृद्धाला हे एकट्याने झेपत नाही. घरचे कोणी सोबत हवे.

गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही, उरलेली वाचवता येते. म्हणून वेळेला महत्त्व. भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन चष्मा लावून, एकेक डोळा झाकून पाहावेत. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकतो. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधला चौकोन पुसट वाटला, तर छत्रपती संभाजीनगरात घाटीच्या नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे पडदा तपासून घ्यावा. विडी-सिगारेट सोडावी, ताटात पालेभाज्या असाव्यात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

येत्या रविवारी आजी-आजोबांना कॅलेंडरसमोर बसवा. दोन मिनिटे पुरतील.