घटाला जागा कोठे?

गृहसजावट हा शब्द उच्चारताच रंगीत पडदे, गालिचे आणि काचेची कपाटे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु घराची शोभा खरोखर कशात असते, हे जाणून घ्यावयाचे असेल तर नवरात्रात मुळशी तालुक्यातील ताम्हिणीस जावे. विंझाईदेवीच्या या गावी घराचा आराखडा प्रथम पाऊस ठरवतो. जुलै २०२४ मध्ये येथे एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता.

अशा मुलखातील जुन्या घराची प्रत्येक गोष्ट सकारण असे. उंच जोते ओल दूर ठेवी, खाली उतरलेले छप्पर आणि पडवी झड अडवी. चुलीवरच्या माळ्यावर सरपण नि बियाणे धुराच्या उबेने कोरडे राही. जाड भिंतीतला कोनाडा म्हणजे जागा न अडवणारे कपाटच. माजघराच्या अंधाराला आम्ही शहरवासी नावे ठेवतो. पण नऊ दिवस नंदादीप तेवत ठेवावयाचा, तर वाऱ्याचा झोत न पोहोचणारी ती एकच जागा असे.

पावसाने उघडीप दिली की घर झाडून भिंती पोतेरल्या जात, भुई शेणाने सारवली जाई आणि कडेने पांढऱ्या मातीची रेघ ओढली जाई. त्या रेघेपुढे कोणत्याही गालिचाची किनार फिकी पडावी! मात्र त्या सौंदर्याचे गोडवे गाताना गुडघे टेकून सारवणाऱ्या हातांचे श्रम विसरता कामा नयेत. आज घरोघरी फरशी आली, यात हळहळण्यासारखे काही नाही.

हळहळ वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ताम्हिणीतील एका घरी आम्ही गेलो, तेव्हा पुण्यास नोकरी करणारे चिरंजीव नव्या बंगल्याचा नकाशा आईला समजावून सांगत होते. दर्शनी बाजूस काचेची प्रशस्त खिडकी, वर गच्ची. सारे काही होते. वृद्ध मातेने एकच विचारले, "आणि घट कुठं बसवायचा रे?" चिरंजीव निरुत्तर झाले. वर्षभर कुलूपबंद राहणारे ते घर ज्या कारणासाठी उघडते, तेच नकाशात राहून गेले होते. अखेर आतल्या भिंतीत एक खोल कोनाडा आणि त्यापुढे चार माणसे बसतील एवढी मोकळी जागा राखण्याचे ठरले.

आमच्या वाचक भगिनी-बंधूंनीही घर बांधताना हा प्रश्न आधी विचारावा. कोनाडा भिंत उभी राहतानाच सोडवून घ्यावा. मागाहून भिंत फोडणे खर्चाचे. तो खिडकीच्या समोर नसावा, जवळ पडदा नसावा आणि दिव्याखाली धातूचे तबक असावे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही एक कोपरा सामानापासून मुक्त ठेवता येतो.

दसऱ्याला दारी झेंडू नि भाताच्या लोंब्यांचे तोरण चढेल, आणि ताम्हिणीतील ते दार पुन्हा बंद होईल. पुढील वर्षी ते उघडेल तेव्हा भिंती नव्या असतील. पण दिवा कोठे ठेवावयाचा, हे मात्र कोणास विचारावे लागणार नाही.