काडतुसे मिळेनात, मग जागल कशी करावी?

तुरीला शेंगा धरल्या की आमच्या मोहगावच्या शिवारात रात्री कोणी निवांत झोपत नाही. रानडुकरांचा कळप एकदा वावरात शिरला की खातो थोडे आणि तुडवतो फार. भुईमूग असेल तर नांगरल्यासारखी जमीन उकरून ठेवतो. रोही संत्र्याच्या कोवळ्या झाडांचे शेंडे ओरबाडतात. जंगलाला लागून ज्यांची जमीन आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

गेल्या हंगामात एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही ओसरीवर बसलो होतो. एक वयस्क शेतकरी आले आणि रुमालात बांधलेली तीन काडतुसे त्यांनी आमच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "फादर, एवढीच उरली. दोन फार जुनी आहेत. उडतील का?" सेमिनरीत आम्हाला पुष्कळ विषय शिकविले, हा मात्र नव्हता. आम्ही त्यांना थांबायला सांगितले, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका जाणत्या माणसाला विचारले, कायद्याची पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते या पानावर देत आहोत, कारण असा प्रश्न पडलेले ते एकटे नाहीत.

पिकाच्या राखणीसाठी बंदूक ठेवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच शेतकऱ्याचा वेगळा विचार केलेला आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि तेवढ्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे आपल्या घरांत एक तर ठासणीची असते, नाही तर बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी; बहुधा आजोबांच्या वेळची. बारा बोअर म्हणजे काय, असे मुले विचारतात. नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या केल्या तर एका पौंडात बारा बसतात, म्हणून बारा.

बंदूक आजोबांची चालते, काडतूस मात्र ताजे लागते, आणि अडचण तेथेच आहे. एके काळी विलायती काडतुसे दुकानात असत. आज आपल्याकडे बारा बोअरचे जे काडतूस ओळखीचे आहे ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे. हा कारखाना १८६९ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. अशा कारखान्याचे पहिले गिऱ्हाईक सैन्य. शेतकऱ्याचा नंबर पुष्कळ मागे लागतो, आणि ते समजण्यासारखे आहे. त्यात बंदुकीची परवानाधारक दुकाने मोजकी. नागपूर आपल्याला जवळ, पण ज्याच्या परवान्याची हद्द मध्यप्रदेशापुरती आहे त्याला त्या जवळपणाचा काही उपयोग नाही. वर्षाला किती काडतुसे घ्यायची आणि एका वेळी जवळ किती ठेवायची हेही परवान्यावर लिहिलेले असते. किमतीविषयी ते वयस्क शेतकरी म्हणाले, "पूर्वी जेवढ्यात पेटी यायची तेवढ्यात आता एक येत नाही."

या टंचाईची एक बाजू आपल्या पऱ्हाटीशी जोडलेली आहे, हे आम्हाला वाचताना कळले आणि नवल वाटले. काडतुसातली धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते. नायट्रोसेल्युलोज कशापासून, तर पुष्कळदा सरकीवरच्या लिंटरपासून, म्हणजे जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी आखूड तुसे चिकटून राहतात त्यांच्यापासून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आले आणि तोफगोळ्यांची मागणी अशी वाढली की युरोपात ही दारू आणि तिच्यासाठी लागणारे लिंटर दोन्ही अपुरे पडू लागले. अमेरिकेत तर २०२० च्या महामारीपासूनच दुकानांतली काडतुसांची फडताळे रिकामी होत होती. पुढे तेथेही दारूचे भाव चढले. म्हणजे सौंसरच्या शेतकऱ्याला काडतूस मिळत नाही तसे तेथल्या शिकाऱ्यालाही मिळेना. यात समाधान मानण्यासारखे काही नाही, पण दुकानदाराने मुद्दाम दडवून ठेवले असेल असे प्रत्येक वेळी समजू नये.

आता मुख्य गोष्ट. रानडुक्कर निसटले तर पीक जाते. पण काडतूस नाही म्हणून माणूस त्याच्या जागी जे वापरतो, त्याने माणूस जातो.

आमच्या ओळखीच्या एका गावी असेच झाले. एका शेतकऱ्याची काडतुसे संपली होती. दोन वेळा दुकानाला खेपा घालून तो रिकाम्या हाताने परतला. तिसऱ्या रात्री त्याने विजेच्या लाइनवर आकडा टाकून धुऱ्यावर उघडी तार ओढली. पहाटे शेजारचा तरुण मोटार सुरू करायला नेहमीच्या वाटेने निघाला. त्याचा दफनविधी आम्हीच केला. तार लावणारा दफनाला आला होता. दूर उभा होता. नंतर आमच्यापाशी इतकेच म्हणाला, "काडतूस मिळाले असते तर तार लावली नसती." त्याच्यावर पुढे खटला झाला. त्या तरुणाच्या आईला त्या वाक्याचा काय उपयोग, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो: धुऱ्यावर करंट सोडू नका. कोठे अशी तार दिसली तर तिला लाकडाने ढकलायला जाऊ नका. मोठ्या लाइनचा करंट सुक्या काठीलाही मानत नाही. दूर राहा, इतरांना दूर ठेवा आणि आधी वीज कार्यालयाला लाइन बंद करायला सांगा. झटका मशीनचे कुंपण वेगळे. त्यात दाब जास्त असला तरी करंट क्षणभराच्या ठोक्यांनी येतो, त्यामुळे जनावर दचकते, मरत नाही. पण मशीन प्रमाणित हवे. घरच्या विजेला थेट जोडलेल्या तारेला झटका मशीन म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

दुसरा धोका ठासणीच्या बंदुकीचा. काळी दारू आणि टोप्या मिळेनाशा झाल्या की काही जण सुतळी बॉम्ब फोडून त्यातली भुकटी नळीत ठासतात. ही भुकटी बंदुकीच्या दारूसारखी जळत नाही, एकदम भडकते, आणि नळी फाटते ती डाव्या हाताच्या बोटांपाशी. कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून वाटेवर ठेवण्याचा प्रकार तर याहून वाईट. तो डुकराआधी आपल्या गाईच्या तोंडात जातो, नाही तर पोराच्या हातात. जुन्या बॅटरीचे शिसे घरच्या चुलीवर वितळवून छर्रे पाडणारेही आम्ही पाहिले आहेत. त्या वाफेतले शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते आणि राखेत, धुळीत मिसळून घरातच राहते. छर्रे हाताळल्यावर भाकरीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.

तिसरा धोका जुन्या आणि बेमेल काडतुसांचा. कागदी नळीची जुनी काडतुसे पावसाळ्यात दमटपणा धरून फुगतात. फुगलेले काडतूस जोर लावून बंदुकीत बसवू नये. चाप ओढून बार उडाला नाही तर बंदूक लगेच मोडू नये. नळीचे तोंड मोकळ्या जमिनीकडे ठेवून मिनिटभर थांबावे, कारण कधी कधी बार उशिरा उडतो. ठासणीची असेल तर याहून अधिक थांबावे. बार उडाला पण आवाज फुसका आला, तर दुसरे काडतूस घालण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहावे. आत बूच अडकलेले असले तर पुढचा बार नळी फोडतो. दुकानात जे मिळेल ते आणण्याच्या घाईत लांबी पाहायला विसरू नये. जुन्या बंदुका पुष्कळदा ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेल्या असतात. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस बसते, पण उडताना नळीवर दाब वाढतो. वीस बोअरचे काडतूस बाराच्या डब्यात कधीही ठेवू नका. ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकते, डोळ्याला दिसत नाही, आणि त्याच्यामागे बाराचे घालून चाप ओढला की काय होते ते लिहिण्याची गरज नाही. नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली असण्याचा संभव असतो. जाणकाराला दाखविल्याशिवाय तिच्यात आजचे काडतूस घालू नये.

जी थोडी काडतुसे आहेत ती टिकवायची कशी? कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि उन्हापासून दूर, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात. बंदुकीला तेल द्यावे, काडतुसाला देऊ नये. तेल झिरपून टोपी निकामी होते. डब्यावर खरेदीचे वर्ष लिहावे आणि जुने आधी वापरावे.

आणि ती कशावर वापरायची, हाही प्रश्न आहेच. पक्ष्यांचे बारीक छर्रे डुकरावर झाडल्याने डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुकराइतके वाईट जनावर दुसरे नाही. त्याने सुळा मारला किंवा चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, वर हळद किंवा चुना भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची आणि रेबीजची लस विचारावी.

कायद्याविषयी गावात बरेच गैरसमज आहेत. परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतो; तोंडी परवानगी ही परवानगी नव्हे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले तर गोष्ट निराळी. परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालकीचे होते, म्हणून त्याचे मटण घरोघर वाटता येत नाही. हे ऐकून आमच्या काही लोकांचे चेहरे पडले, ते आम्ही पाहिले! बंदूक किंवा काडतूस शेजाऱ्याला उसने देता येत नाही, आणि परवान्याशिवाय घरी काडतूस भरणे गुन्हा आहे.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २०२३ ची विधानसभेची निवडणूक १७ नोव्हेंबरला झाली. वावरात तूर, कापूस उभा आणि हरभरा नुकता उगवलेला. काडतुसे भरपूर असती तरी त्या दिवसांत बंदूक घरात नव्हतीच. तरीही ज्या वाड्यांवर जागल नीट होती तेथली पिके वाचली.

जागल एकट्याने करण्याचे काम नव्हे. चार-पाच शेजाऱ्यांनी पाळी लावली, मचाणावर दोघे बसले, हातात चांगली बॅटरी आणि पत्र्याचा डबा असला, तर कळप बहुधा दिशा बदलतो. रोज एकच आवाज, एकच जागा ठेवू नये. डुक्कर हुशार असते, आठवड्यात ओळखते. विदर्भातल्यासारख्या जुन्या साड्या धुऱ्यावर बांधणे स्वस्त पडते आणि काही दिवस उपयोगी ठरते. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या चार ओळी पेरल्या तर डुक्कर आत शिरायला कचरते. आवाजासाठी प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढण्याची 'देशी तोफ' मात्र नको. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि इतर शहरांत या खेळण्याने अनेक मुलांचे डोळे भाजले. कार्बाइड डोळ्यात उडालेच तर चोळू नये, स्वच्छ पाण्याची धार वीस मिनिटे सोडावी आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

नुकसान झालेच तर गप्प बसू नये. मध्यप्रदेशात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची भरपाई महसूल खात्याकडून मिळते. अर्ज तहसीलीत द्यावा आणि पटवाऱ्याचा पंचनामा होईपर्यंत तुडवलेला भाग तसाच ठेवावा. पीकविम्यात वन्यप्राण्यांचे नुकसान खरीप २०२६ पासून घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांच्या आत फोटोसह कळवावे लागते. कोणती जनावरे आणि कोणते भाग, हे राज्य सरकार ठरविते, म्हणून हप्ता भरण्याआधी विचारून घ्या.

त्या तीन काडतुसांचे पुढे काय झाले, असे काही जणांनी विचारले. दोन जुनी कागदी काडतुसे फुगलेलीच निघाली. ती त्यांनी ठाण्यात जमा करून पावती घेतली. तिसरे डब्यात घालून कुलपात ठेवले आणि शेजारच्या चौघांबरोबर जागलीच्या पाळीत आपले नाव घातले. मंगळवार आणि शुक्रवार. परवा भेटले तेव्हा आम्ही विचारले. म्हणाले, "आहे अजून डब्यात."