पंखा फिरतो, पण दिवा लागत नाही



ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात घराच्या भिंतींना ओल धरते. कल्याण, मुरबाड, शहापूरकडे तर भात घरात येईपर्यंत ती पुरती जात नाही. या ओलीने होल्डरच्या पिना गंजतात. घरात कणगी असली की उंदीर आलेच. ते वायर कुरतडतात. मग एके दिवशी पंखा फिरतो, पण त्याच्या खालचा दिवा लागत नाही. लगेच कुणीतरी स्टुलावर चढते. चढण्यापूर्वी हे वाचावे.

शेवटच्या वाफ्याला पाणी पोचले नाही, तर आपण पाट क्रमाने तपासतो. तसेच येथे करावे. पंखा चालू आहे, म्हणजे खोलीत वीज आली आहे. दोष बल्ब, होल्डर, दिव्याचे बटण किंवा त्याची वायर यांपैकी एकात असणार. पंखा व दिवा दोन्ही बंद असतील, तर आधी फ्यूज किंवा एमसीबी पाहावा. फ्यूज उडाला म्हणून त्यात जाड तार घालू नये. त्याने वायर तापून घराला आग लागू शकते.

आता वर चढण्याआधीची तयारी. नुसते दिव्याचे बटण बंद करून भागत नाही. पुष्कळ घरांत बटण फेजऐवजी चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्टची वीज तशीच राहते. बटण बंद करूनही एलईडी बल्ब मिणमिणत असेल, तर हीच शंका घ्यावी. म्हणून मेन स्विच बंद करावा.

इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करणेही पुरेसे नाही. मेन बंद होताच इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, आणि आपल्या घरांत तो बहुधा पंखे व दिवे यांनाच जोडलेला असतो. म्हणजे तुम्ही वीज बंद समजून हात घालाल, तिथे वीज असेल! आधी इन्व्हर्टर बंद करा, मग मेन. टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो पेटतो ना, हे आधीच पाहून ठेवावे. मग त्याच टेस्टरने होल्डर तपासावा. टेस्टर पेटला, तर हात लावू नये.

आता क्रमाने पाहा :

१. बल्ब काढून दुसऱ्या, चालू होल्डरमध्ये लावा. तेथेही लागला नाही, तर बल्बच गेला.

२. बल्ब चांगला असेल, तर होल्डरच्या पिना पाहा. दबून बसल्या असतील किंवा काळ्या पडल्या असतील, तर होल्डर बदलणे बरे.

३. पंख्याच्या हादऱ्याने छताजवळच्या कपातील वायरीचे स्क्रू ढिले होतात. ते घट्ट करावेत. त्याच वेळी पंख्याच्या बोल्टची पिन जागेवर आहे ना, हेही पाहावे.

४. बटण गरम होते, चरचरते किंवा जळका वास येतो, तर ते बदलून घ्यावे.

स्टूल लाकडी, हात कोरडे, पायात रबरी चपला. लोखंडी शिडी नको. वायरीचे आवरण जळालेले किंवा उंदराने खाल्लेले दिसले, स्लॅबमधल्या पाइपात पाणी उतरले असेल किंवा भिंतीला हात लागताच मुंग्या आल्या, तर काम तेथेच थांबवून परवानाधारक वायरमन बोलवावा. त्याच्याकडूनच अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या गावांत ज्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत, त्यांनी भाडेकरूंच्या खोल्यांतही ही तपासणी करावी. घराबाहेरील तारांचा दोष असेल, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

कुणाला विजेने धरले, तर त्याला हात लावू नका. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. तेवढा वेळ नसेल तर कोरड्या बांबूने त्याला दूर ढकला. मेन कुठे आहे व इन्व्हर्टर कसा बंद होतो, हे घरातील बायामाणसांना आणि जाणत्या मुलांना आजच दाखवून ठेवा.