ऑक्सिमीटरची बॉडी : नुसती डबी नव्हे, यंत्राचाच भाग

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर चौसाळा लागते. मोबाईल, रेडिओ, इन्व्हर्टर दुरुस्त करणारे कारागीर अशा गावांत असतातच. कोरोनाच्या २०२० व २०२१ या सालांत अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यांपैकी एखादे आज दुकानात येते तेव्हा पुष्कळदा सर्किट शाबूत असते. मोडलेले असते ते सेलचे झाकण, नाही तर बिजागरी. बाजारात तशी बॉडी सुटी मिळत नाही. मग थ्रीडी प्रिंटरवर ती छापून घेता येईल काय, हा प्रश्न येतो. येईल, परंतु काही गोष्टी आधी समजून घ्यावयास हव्यात.

वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर रचण्याची ही पद्धत अमेरिकेतील स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी मांडली. २००९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि छोटे प्रिंटर सामान्य कारखानदाराच्या आवाक्यात आले. एका ऑक्सिमीटरच्या बॉडीला साधारण वीस-पंचवीस ग्रॅम प्लास्टिक पुरते. खरी मेहनत मोजमापाची आहे.

प्रथम यंत्राचे काम पाहू. ऑक्सिमीटरच्या एका जबड्यात लाल व अवरक्त असे दोन दिवे असतात, समोरच्या जबड्यात प्रकाश टिपणारा सेन्सर. बोटातील रक्ताने कोणता प्रकाश किती शोषला, यावरून प्राणवायूचे प्रमाण काढले जाते. हे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. म्हणजे दिवा व सेन्सर समोरासमोर धरणे, बोट हलू न देणे आणि बाहेरचा उजेड अडविणे ही तिन्ही कामे बॉडीचीच आहेत. स्प्रिंग फार कडक झाली तर बोटातील रक्तप्रवाह दबतो. सैल झाली तर उजेड आत शिरतो. दोन्ही वेळा आकडा चुकू शकतो, आणि त्या आकड्यावर रुग्णाला दवाखान्यात न्यायचे की नाही हे घरचे लोक ठरवितात.

आता माप. व्हर्निअर कॅलिपरने सर्किट, बटण, पडदा व सेल मोजून घ्यावेत. ट्रिपल-ए सेल १०.५ मिलिमीटर जाड व ४४.५ मिलिमीटर लांब असतो. खोबण बरोबर तेवढीच ठेवली तर सेल अडकतो. जाडीत अर्धा मिलिमीटर सूट द्यावी आणि लांबीत दबलेल्या स्प्रिंगची जागा धरावी. धन-ऋण खुणा खोबणीच्या आतच उमटवाव्यात. प्रिंटरचे तोंड सहसा ०.४ मिलिमीटरचे असते, म्हणून भिंत १.२ किंवा १.६ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या पटीत ठेवावी. छापील वस्तू थरांच्या जोडावर तुटते. झाकणाची कडी उभी छापली तर चार दिवसांत मोडेल. ती आडवी छापावी. वारंवार उघडावयाच्या जागी प्लास्टिकमध्ये थेट स्क्रू न पिळता पितळी नट तापवून बसवावा.

प्लास्टिकची निवड आपल्या हवामानावर ठरते. पीएलए हे छापावयास सोपे, परंतु ५५ ते ६० अंशांना मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तेवढी उष्णता सहज होते. पीईटीजी सुमारे ७५ ते ८० अंशांपर्यंत आकार धरते. मराठवाड्यासाठी तेच घ्यावे. बोट टेकते तेथे छापील थरांच्या रेषांत मळ साचतो, म्हणून जुन्या यंत्रातील रबरी गादी जपून काढून पुन्हा तीच वापरावी.

रंग काळा घेतला म्हणजे काम झाले असे नाही. काही काळ्या प्लास्टिकमधून अवरक्त किरण आरपार जातात. याची परीक्षा सोपी आहे. टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्या प्लास्टिकच्या तुकड्यामागे धरून बटण दाबावे व समोरून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. आधी तुकड्याशिवाय पाहून कॅमेऱ्याला तो दिवा दिसतो याची खात्री करावी. तुकड्यातून दिवा चमकला तर ते प्लास्टिक बाद. बॉडी तयार झाल्यावर बोटावर लावून एकदा उघडे व एकदा जाड कापडाखाली आकडा घ्यावा, नंतर चांगल्या यंत्राशी ताडावा. फरक पडला तर यंत्र परत देऊ नये.

यंत्र लिथियम सेलवर चालणारे असेल तर सेल फुगण्यास जागा ठेवावी, स्क्रूचे टोक त्याला लागू देऊ नये आणि चार्जिंग चालू असताना ते रुग्णाला लावता येणार नाही अशा ठिकाणी छिद्र ठेवावे.

कायद्याची सीमाही ध्यानात असू द्यावी. गिऱ्हाइकाच्या यंत्राची तुटलेली बॉडी बदलणे वेगळे आणि नवे यंत्र बनवून विकणे वेगळे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत. त्यांखाली अ व ब वर्गातील उपकरणांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि क व ड वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची अट लागू झाली. पुढे जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी मुंबईच्या आयआयटीतील, २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'बेटिक' केंद्राचे काम पाहावे. तेथे डॉक्टर व अभियंते मिळून उपकरणे घडवितात. तेथील चमूने डिजिटल स्टेथोस्कोप तयार केला आणि २०२० च्या एप्रिलपर्यंत असे एक हजार स्टेथोस्कोप देशातील रुग्णालयांकडे पाठविले होते.

आमच्या कारागिरांच्या हातात हुनर आहे. रेडिओची बॉडी वाकडी बसली तर फार तर आवाज खरखरतो; येथे चुकीचा आकडा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पहिली बॉडी गिऱ्हाइकासाठी छापू नये. ती स्वतःच्या बोटावर तपासण्यासाठी छापावी.